काळ्यावर

"काळ्यावर हुभं ऱ्हा! काळ्यावर!"

आठ वर्षं झाली, तरी बापाची ती शेवटची हाक सर्जेरावच्या कानातून गेली नव्हती. नामांतराच्या दंग्यात गावानं पिशोरकडची त्यांची वस्ती पेटवली, तेव्हा माय पंधरा वर्षांच्या सर्जेरावला घेऊन मागच्या वाळल्या गवतात शिरली होती. धुरात एकच चेहरा दिसला. बिरू धनगर. हातात जळता पेंढा, अन् पायाशी गवत पेटवत चाललेला. मग धूर दाटला, हाक आली. मायलेक वाचले. बाप, मोतीराम, नाही वाचला.

आज सर्जेराव चिकलठाण्याच्या विमानतळावर, विमानातून टिपलेली फिल्म वाचायला, दिव्याच्या टेबलाशी वाकला होता. पिशोरच्या डोंगरात तीन दिवस वणवा होता. विमानाच्या पोटातलं यंत्र धुराआडची ऊब टिपायचं; फिल्मवर गार जमीन काळी, आग पांढरी.

पहिल्या फेरीत एकच पांढरी माळ, डोंगरावरून उतरणारी. तासाभरानंतरच्या फेरीत खाली आणखी एक, बारीक, दोरा ताणल्यासारखी. ती एका मेंढवाड्यापासून निघाली होती. तिच्या अल्याड वीसेक घरं, गार.

"ही हातानं लावलीय," तो म्हणाला.

"ठिणगी उडाली नसेल कशावरून?" वनखात्याच्या साहेबांनी विचारलं.

"ठिणगी वाऱ्यासंगं जाते, साहेब. ही रेघ वाऱ्याला आडवी आहे."

वनरक्षक कचरूनं मान खाली घातली. "तिथं बिरूचा वाडा असतो. दरसाल."

सर्जेरावच्या हातातली पेन्सिल मोडली. राग शेणकुटासारखा होता. वरून राख, आत इंगळ. त्यानं दुसरी पेन्सिल घेतली, वाड्याभोवती गोल काढला, अहवालावर सही ठोकली.

दुपारी पोलिसांनी बिरूला जीपमध्ये घातलं. "व्हय, म्याच लावली," एवढंच तो बोलला म्हणे.

संध्याकाळी मुकुंदवाडीच्या खोलीत भामाबाई सुपात ज्वारी निवडत होती.

"माये, बिरू सापडला. सही माझी हाय. आता बसंल हर्सूलच्या जेलात!"

तिचा हात थांबला. "काय केलं त्यानं?"

"वस्तीच्या वरचं गवत पेटवलं. मुद्दाम."

"वस्ती जळली?"

"नाय."

"वणवा?"

"तिथंच इझला." त्याचा आवाज चढला. "त्याचं काय इचारतीस? माझ्या बापाच्या येळी कुनी इचारलं?"

भामाबाईनं सूप खाली ठेवलं. ज्वारी सांडली, तिनं गोळा केली नाही.

"म्होरचं गवत आधीच जाळलं, तर मागून येनाऱ्या आगीला खायाला काय ऱ्हात नाय, अन् त्या जळल्या काळ्या भुईवर मानूस वाचतो. धनगराची रीतच हाय ती, सर्जा. त्या दिशीबी बिरूनं तेच केलं. तुमाला वाचवलं हे गावाला कळलं तर मला वाळीत टाकतील म्हनला, म्हनून म्या तोंड शिवलं."

"कवा म्हनला?"

"तुझा बाप घरातच पडला व्हता, लेकरा. हाक मारली ती बिरूनं."