न संपणारी चार

"पण दार उघडतं की," दातांची डॉक्टर म्हणाली. "आत मांजर असतं."

जुन्या पुस्तकांच्या दुकानामागच्या खोलीत सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. दर रविवारी तिथे सात-आठ कॉमिक्सवेडे जमत आणि प्रत्येक जण आपली सर्वांत आवडती दहा कॉमिक्स सांगे. डॉक्टर दुसऱ्यांदाच आली होती. फुली बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

फुली हे त्याचं खरं नाव नव्हतं. इतरांच्या आवडीवर तो ज्या उत्साहाने फुली मारायचा, त्यावरून ते पडलं होतं. आपण जेवायला बसावं आणि समोरच्याने त्याच्या गळवाचं वर्णन सुरू करावं, तशा चेहऱ्याने तो दुसऱ्याची आवड ऐकायचा. पोस्टातल्या कारकुनाला उडणाऱ्या बैलाचं कॉमिक आवडायचं. फुलीने त्याला थोडं गवत खाऊन बघायला सांगितलं होतं. गणिताच्या मास्तरांच्या दहांत एक शेवटी लग्न होणारं होतं. त्यावर फुली म्हणाला होता, मग लग्नाचे फोटोच काढत जा, वर जेवणही मिळेल. तेव्हापासून मास्तर आवडती नऊच सांगत.

फुलीची आवडती चारच होती. दहाव्या वर्षी काकाने आणलेल्या एका गठ्ठ्यात ती चारही त्याला मिळाली, आणि त्यानंतर जगाने कॉमिक्स काढायचं थांबवायला हरकत नव्हती, असं त्याचं मत होतं. चारही कॉमिक्सचं मोठेपण एकच. ती संपत नाहीत. पहिल्यात एक पहारेकरी जन्मभर एका बंद दाराची राखण करतो, शेवटी कडीवर हात ठेवतो, बस्स. दुसऱ्यात न्यायाधीश निकाल द्यायला तोंड उघडतो. तिसऱ्यात जहाजावरचा म्हातारा क्षितिजाकडे बोट दाखवतो. चौथ्यात खुन्याचा मुखवटा अर्धाच उतरतो.

"शेवट गुराढोरांना हवा असतो," फुली सांगे. "त्यांना संध्याकाळी गोठा लागतो."

यावरच त्याने 'चारच' नावाचं पुस्तक लिहिलं होतं. आयुष्यातलं पहिलं. दुकानदार ते छापत होता.

"मांजर," फुली आता म्हणाला.

"पिवळं. ते म्हणतं, किती वेळ लावलास. मग दोघं फुग्यात बसून निघून जातात."

मास्तर हसले. कारकून हसला नाही. त्याला फुगा आवडला होता.

रोग्यांना भूल देताना डॉक्टर स्वतःही थोडी हुंगत असावी, अशी शंका फुलीने व्यक्त केली. डॉक्टर चिडली नाही. तिची प्रत घरी होती, ती पुढच्या रविवारी आणणार होती. मग फुलीनेच अट घातली. दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवायच्या, आणि जो खोटा ठरेल त्याने या खोलीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. दुकानदार म्हणाला, मग छपाईही रविवारपर्यंत थांबवतो. फुली म्हणाला, खुशाल थांबवा. मुखपृष्ठावर 'यात मांजर नाही' एवढं छापायला जागा सोडा.

घरी त्याची आत्या टेबलाशी उभी राहून शाळेच्या चड्ड्या बेतत होती. आत्या कपडे शिवायची. फुलीला तिनेच लहानाचा मोठा केला होता. याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून त्याने अख्खं पुस्तक लिहिलं होतं. त्याने पहारेकऱ्याचं कॉमिक प्लॅस्टिकच्या पिशवीतून अलगद काढलं. शेवटचं पान, कडीवर हात, मग मागचं कव्हर. मध्ये फाटल्याची खूण नाही, कागदाचा कपटा नाही. पानांवर आकडे मुळात नव्हतेच. समाधानाने तो आत्याला डॉक्टरची गंमत सांगू लागला. मांजरापर्यंत आला, तेव्हा आत्याने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"पिवळं ना? ते टेबलाखाली आहे."

फुलीने वाकून पाहिलं. टेबलाखाली चिंध्या होत्या.

"तिथे नाही. तुझ्या बाजूच्या पायाखाली बघ."

पायाखाली जाड कागदाची घडी होती, इतक्या वर्षांत दगडासारखी झालेली. तिच्या कडेने पिवळं शेपूट बाहेर आलं होतं.

आत्याने कापडावरून नजर न काढता सांगितलं. टेबल घरात आलं त्याच दिवशी काकाचा गठ्ठाही आला. घरात तेवढाच जाड कागद. फुली हातपाय धुवायला गेला होता. तिने कात्री अगदी शिवणीलगत चालवली, कापल्याचं कुणाला कळलं नसतं. शेवटचीच पानं घेतली, कारण सुरुवातीची घेतली असती तर पोराला गोष्ट समजली नसती.

"नंतर तू काही बोलला नाहीस," आत्या म्हणाली. "मला वाटलं, आवडलं."

फुली फरशीवर बसून राहिला. डॉक्टर डोळ्यांसमोर आली, मग कारकून, मग मास्तर, आणि त्यांची नऊची दहा झालेली आवडती. मग त्याने स्वतःला सावरलं. एक गेलं, तीन उरली. पुस्तकाचं नाव 'तीनच' करता येईल. पहारेकऱ्याचं प्रकरण जरा भडकच होतं, आपल्याला पहिल्यापासून शंका होती, असं रविवारी आधी आपणच सांगून टाकायचं. कडीवरचा तो हातसुद्धा खरं तर वाईट काढलेला होता. त्याला बरंच बरं वाटलं.

"टेबल एवढंसं डगमगत होतं," तो गुडघे झटकत उठला, "तर लाकडाची चकती द्यायची होतीस."

"डगमगत कुठे होतं? बुटकं होतं. वाकून वाकून कंबर जायची माझी." आत्याने खडूची रेघ पूर्ण केली आणि कात्री उचलली. "मग एकाच पायाखाली घालून कसं चालेल?"