बर्फातल्या विहिरी

एप्रिलच्या टंचाई बैठकीत अरुंधतीनं पडद्यावर नकाशा उघडला आणि कुंभार पिंपळगावच्या विहिरी थेट उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रात उमटल्या. हशा पिकला. “मॅडम, टँकर कशाला? बर्फच फोडा की!” टँकर मंजूर करणारे तहसीलदार साहेब म्हणाले. तिचे कान तापले. साखर कारखान्याचे पर्जन्यमापक आणि भूजल खात्याची विहिरींतली पाणीपातळी मोजणारी यंत्रं, दोन्हींच्या नोंदी कुणालाही वाचता येतील अशा एकाच खुल्या पद्धतीत आणायला तिनं वर्षभर उंबरे झिजवले होते. पाऊस भरपूर नोंदलेला, तेवढ्यावर साहेब टँकर नाकारणार होते. मग तिला दिसलं: कारखाना अक्षांश आधी लिहितो, भूजलवाले रेखांश! नकाशानं विहिरींचे रेखांशच अक्षांश धरले होते. तिनं क्रम फिरवला. विहिरी झपकन गावात परतल्या, पावसाच्या निळ्या रंगावर लालभडक, कोरड्याठाक. कडूबा सरपंच उठले. त्यांनी स्वतःच्या विहिरीच्या ठिपक्यावर बोट टेकवलं. “साहेब, पाऊस नदीनं गेला. बर्फ बी वितळला. टँकर जल्दी पाठवा.” साहेबांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.