सैतानाचे वळ

फेब्रुवारीभर चालणारा कार्निव्हल बघायला मी ‘ला वेगा’ गावी मावसबहिणीकडे, युबेल्किसकडे, गेले. मिरवणुकीतले मुखवटेवाले सैतान फुगवलेल्या कातडी पिशव्यांनी बघ्यांच्या ढुंगणावर सणसणीत हाणतात. मी चार फटके खाल्ले. बसायची सोय उरली नाही.

युबेल्किस माझ्यासाठी बर्फ घेऊन आली. तिचा गाल सुजला होता, गळ्यावर बोटांचे वळ होते.

"मलाही सैतानानंच हाणलं," ती हसली.

"मला काय खुळी समजतेस? सैतान कमरेच्या वर मारत नाहीत. नवऱ्यानं मारलं ना?"

"हळू बोल, तो आत आहे. फेब्रुवारीभर सैतानावर ढकलता येतं गं. एरवी जिन्यावरून पडले म्हणते. शेजारीपाजारी मान डोलावतात."



अख्ख्या गल्लीत एकाही घराला जिना नाही.