हिरवा चौकोन

इन्स्ट्रक्टर विमानातून खाली उतरले. आता आत फक्त गोकुळाची लेक आचल होती.

आजवर शेजारच्या सीटवर सर असायचे. आज पहिल्यांदाच पोरगी एकटी उडणार होती. वर जायचं, धावपट्टीभोवती एक फेरी घालायची आणि खाली उतरायचं. चंद्रपूरबाहेरची ही लहानशी धावपट्टी. दूरवर थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर सकाळच्या धुक्यात मिसळत होता. आई-बापाला कुंपणापाशी उभं राहायची परवानगी होती.

“अवो, इतक्या धुपटात दिसन का तिले?” गोकुळाने विचारलं.

 कॅमेरा डोळ्याला लावून तिचा नवरा देवानंद ताठ उभा होता.

त्या कॅमेऱ्यावर गोकुळाचा राग होता. बल्लारपुरात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो हा देवानंदचा धंदा, पण जीव विमानांत. निवडणुकीत एखाद्या पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर आलं, की भरलं ताट सोडून तो गच्चीवर धावायचा. जुन्या डीएसएलआरवर त्याने अशी कितीतरी उड्डाणं टिपली होती. तो कॅमेरा अजून धडधाकट होता. तरी गणपतीनंतर त्याने हट्ट धरला. मिररलेसच पाहिजे.

“काऊन? जुन्याले काय झालं?” तिने तेव्हा विचारलं होतं.

“नव्यात आरसा नसते. आतमधी बारकी टीव्हीच असते. ते विमान सोताच ओळखते, अन् त्याच्याभोवती हिरवा चौकोन धरून ठेवते.”

“अन् त्यानं काय होते?”

“विमान हुकत नाई.”

कॅमेरा आला. पण लग्नाची कामं देवानंदने हळूहळू भाच्याकडे, भूपेशकडे सोपवली. नवा कॅमेरा घेऊन तो फक्त या कुंपणाशी यायचा. तेही गोकुळाच्या स्कूटीवर मागे बसून. गुडघा दुखतो म्हणायचा.

विमान धावलं. चाकं जमिनीवरून सुटली. गोकुळाने दोन्ही हातांनी कुंपणाची तार घट्ट धरली. धुक्यात विमान कधी दिसायचं, कधी नाही. देवानंद मात्र सावकाश वळत होता. कॅमेरा आकाशात बरोबर तिच्या मागे मागे चालला होता. जुन्या कॅमेऱ्याचा खटखट आवाज तरी यायचा. हा मुका. नवरा फोटो काढतोय की नुसता पाहतोय, तेही गोकुळाला कळेना.

“दिसून राह्यली का तुमाले?”

“हाय. हाय वर.”

“बरोबर जाऊन राह्यली ना?”

“बोलू नको आता.”

त्याच्या कपाळावर घाम होता. एवढ्या थंडीत.

विमान शेवटचं वळण घेऊन खाली येऊ लागलं. धावपट्टीच्या टोकाशी सागाची रांग होती. तिच्यामागे ते क्षणभर दिसेनासं झालं.  मग झाडांच्या शेंड्यांवरून पांढरे पंख वर आले. विमान पट्टीवर आलं, चाकं टेकली, एकदा हलकीशी उसळली, पुन्हा टेकली. तिकडे शेडपाशी बाकीच्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. गोकुळा रडत रडत हसली.

“गोकुळा!” देवानंद ओरडला. “चौकोन गेला!”

तिने वळून पाहिलं. कॅमेरा अजून त्या सागांकडेच रोखलेला होता. 

“चौकोन गेला, गोकुळा! पडली का वं? कुठी गेली माही पोर?”

विमान त्याच्या समोरून चाललं होतं. एवढं मोठं, पांढरं, अगदी समोरून.

“अवो, उतरली ना ते! ते काय, समोर!”

त्याने कॅमेरा खाली घेतला. समोर पाहिलं. डोळे उघडे होते, पण ते विमानाच्या किती तरी बाजूला कुठेतरी लागले होते. 

“तुमाले दिसत नाई?”

तो खाली बसला. 

“नजरेच्या मधातलं काईच दिसत नाई. धुपटच धुपट. नागपूरच्या डॉक्टरले दाखवून आलो, भूपेशसंगं. गेलं ते येत नाई म्हणते. विमान तर मले केव्हाचंच दिसत नाई. कडेकडेनं चौकोन दिसते. तो हालते तोवर पोरगी वर हाय, एवढं समजते.”

“मले काऊन नाई सांगितलं?”

“तुह्या पोटात राह्यलं नसतं. अन् आचलले समजलं असतं तर हे उडनं सोडून ते स्टुडिओत येऊन बसली असती. तिचं लायसन होऊ दे. मंग सांगू. तुले माही शपथ हाय.”

गोकुळाने त्याला हात देऊन उठवलं. पदराने त्याचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

आचल पळतच आली. पहिल्या एकट्या उड्डाणाचा रिवाज म्हणून सोबतच्या पोरांनी तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं होतं. केसांतून पाणी गळत होतं. ती आईच्या गळ्यात पडली. मग बापाकडे वळली.

“बाबा, इथून जाताना मी तुमाले हात केला. दिसला का?”

“दिसला ना!” देवानंद हसला. “एकदम झकास. फोटोत बी आला.”

गोकुळाने मान खाली घातली.

 आचलने बापाचा हात आपल्या दोन्ही ओल्या हातांत घेतला.

“मी हात केलाच नाई, बाबा,” ती म्हणाली. “मले दिवाळीपासूनच माहीत हाय. तरी उडालीच ना मी?”