लेकीची गादी

जिंतूरच्या दुकानात कासाबाई तिसऱ्या गादीवर आडवी झाली. आधी उताणी, मग कुशीवर. पहिली गादी इतकी मऊ होती की कंबर खालीच जात होती. दुसरी फळीसारखी कडक. ही मात्र पाठीला खालून अलगद धरून राहिली.

"हीच द्या," पदर सावरत ती उठून बसली.

दुकानदार उद्धवशेठ हसले. "बरं केलं मावशी. या वयात जमिनीवर झोपून कंबर धरतीच."

"माझी कंबर धड हाय. जन्म मेंढरांमागं गेला, मला घोंगडीवरच झोप लागती. गादी लेकीला पाहिजे. दोघींची अंगकाठी एकच हाय, म्हणून मी पडून बघितली. तिला सवड न्हाई."

"लेकीची पाठ दुखायली? एवढ्या कमी वयात?"

"दिवसभर खड्ड्यातून एसटी चालवती. दुखणारच की."

उद्धवशेठ पैसे घ्यायचे थांबले. "परभणीच्या गाडीवर नवीन बाई ड्रायव्हर आलीय, ती शिवकन्या तुमची लेक?"

"माझीच." कासाबाई ताठ बसली. "परवा तिच्या गाडीत बसले होते. मागं वळून बघितलं, तर निम्मी गाडी झोपलेली. म्हातारी माणसं, लेकरं घेतलेल्या बाया, सगळी. एवढी माणसं माझ्या लेकीच्या भरवशावर बिनघोर झोपतेत. घरी आल्यावर तिला तशी झोप नको का?"