नुसत्या पत्र्यावर

“पाय नुसत्या पत्र्यावर टेकवू नका रे. खाली जाड पट्टी घाला, वर घाला, मग बोल्ट आवळा. गाडी उलटली की पत्रा कागदासारखा फाटतो.”

पुंजाराम ट्रकच्या केबिनी बांधायचे, आणि कामगारांना रोज हेच बजावायचे. ते गेले, तरी यशोदाबाईंच्या कानातून तो आवाज गेला नव्हता. आज पूजेचं ताट घेऊन त्या नवऱ्याच्या त्याच गॅरेजात, द्वारका चौकाजवळ, मुलाच्या फियाटमध्ये वाकल्या होत्या.

वाल्मीकने उद्याच्या मोटार रॅलीसाठी गाडीत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला होता. गाडी उलटली तरी छत डोक्यावर येऊ नये म्हणून. रंग तांबडाभडक, आरशासारखा चकचकीत. पिंजऱ्याचे पाय मात्र तळाच्या पत्र्यावर तसेच उभे केलेले. यशोदाबाईंनी कुंकवाचं बोट एका पायाला टेकवलं, तर खालचा पत्रा कुरकुरला.

“सहादू, पट्ट्या कुठायत?” त्यांनी हळूच विचारलं.

“शेठला इचारा,” सहादू मिस्त्री बिडी विझवत म्हणाला. “पट्ट्यांनी वजन वाढतं म्हणे. लिंबू-मिरची बांध म्हणाले, ती बांधली.”

वाल्मीक हसला. “आप्पांनी जन्मभर घोटीच्या भाताची पोती वाहणारे ट्रक बांधले, आई. ही रॅली आहे. आणि तपासणारे काय खाली वाकतात? रंग बघतात, शिक्का मारतात. तू तुझं कुंकू लाव. वरचं तू सांभाळ, खालचं मी बघतो.”

यशोदाबाई रोज कपालेश्वराला पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घेत नसत. त्यांचा चढा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. वाल्मीकच्या लेखी त्या देव्हाऱ्यातली समई होत्या. तेल घातलं की जळायचं, बोलायचं नाही.

“आणि लहानू?” त्यांनी विचारलं.

लहानू शेजारच्या अंबूबाईंचा मुलगा. हरसूलच्या घाटात वाल्मीकच्या शेजारी बसून तो रस्ता सांगणार होता. सकाळीच देवळाच्या पायरीवर अंबूबाईंनी यशोदाबाईंचा हात धरला होता. “धड येईल ना हो परत?” आणि यशोदाबाई म्हणाल्या होत्या, “येईल. माझा शब्द.”

“त्याचं काय? ओझं नुसतं!” वाल्मीकने नाक मुरडलं. “डावीकडे, उजवीकडे. पोपटालाही जमेल तेवढं. पण दोघं नसले तर गाडी सोडतच नाहीत, म्हणून न्यायचा. घरी जाताना सांग त्याला, पहाटे ये म्हणावं. झोपून राहिला तर माझी रॅली बुडेल.”

यशोदाबाईंनी मुलाकडे क्षणभर पाहिलं. मग ताट बॉनेटवर ठेवलं. नारळ तसाच होता.

“अगं, पूजा?”

“फसवाफसवीला साक्षी म्हणून देवाला बोलवत नाही मी.”

“झालं तुझं सुरू! बरं, लहानूला निरोप तरी देशील ना?”

“त्याच्याकडेच निघाले.”

डोक्यावरचा पदर सारखा करून त्या उन्हात उतरल्या. अंबूबाईंचं पोर उद्या घरी ठेवायला. आणि आपलंही.