फुकटची सोंगटी

ग्वेइरोंगने बांबू छापाची पाच नंबरची सोंगटी टेबलावर टाकली आणि नजर चहाच्या वाटीत घातली.

सूफेनला डाव पुरा करायला तीच सोंगटी हवी होती. ती बांबू जमवतेय हे शेंगदाणे विकत फिरणाऱ्यालाही दिसलं असतं, इतके तिचे संच समोर उघडे मांडलेले. अशा वेळी बांबू टाकणारी बाई एक तर खुळी हवी, नाहीतर दयाळू. चेंगडूच्या या नदीकाठच्या चहाच्या दुकानात ग्वेइरोंगला खुळी कोणी म्हटलं नव्हतं, दयाळू तर नाहीच नाही.

फुप्फुसातला कॅन्सर मेंदूच्या आवरणात पसरला आणि बघता बघता सूफेनचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून या सोंगट्यांच्या खेळात, माजोंगमध्ये, ती रोज जिंकत होती.

तिने ती सोंगटी उचलली नाही. सरळ हात लांब करून ग्वेइरोंगची रांग उताणी पाडली. चार आणि सहा बांबू शेजारी शेजारी उभे होते, मधली पाच काढलेली.

"जुळलेला संच मोडलास?" सूफेन ओरडली. आपला आवाज किती चढलाय ते तिला कळत नव्हतं; आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. "जन्मात कधी एक सोंगटी सुखाने दिली नाहीस, सटवे, आणि आता मला वाढतेस?"

ग्वेइरोंग काहीतरी बोलायला लागली आणि मध्येच थांबली. मग चहात बोट बुडवून तिने टेबलावर लिहिलं, 'जिंक ना गं थोडं.'

सूफेनने ते बाहीने पुसलं.

"आजार वरच्या सालीत आहे. आतलं डोकं शाबूत आहे माझं. मेल्यावर थडग्यापुढे काय हवं ते ठेव. आत्ता खेळ!"

डावातले उरलेले दोघे, म्हातारा दंग आणि त्याची बायको, यांनी सोंगट्या कालवायला घेतल्या.

नव्या डावात ग्वेइरोंगचे डोळे लाल होते, पण हात सावध झाला होता. सूफेनच्या सोंगट्या सुरेख लागत होत्या. जिंकायला एकच सोंगटी कमी असताना तिने एक नको असलेली टाकली, आणि ग्वेइरोंगने त्या सोंगटीवर झडप घातली. आपली पुरी झालेली, जिंकलेली रांग तिने अशी आपटली की सूफेनच्या तळव्यांखाली टेबल थरथरलं. ग्वेइरोंग उभी राहिली, सूफेनच्या नाकासमोर बोट नाचवत, रडत, तोंड भरून शिव्या द्यायला लागली.

दंगने कानांत बोटं घातली. सूफेन मात्र हसत पुढे झुकली, तिच्या ओठांवरची एकही शिवी नजरेतून सुटू नये म्हणून.